पूल किती गुरगुरेल? कंपनावरून आवाज काढायचं गणित

लोकल पोलादी पुलावर आली की डब्यातल्या गप्पांचा सूर आपोआप चढतो. चाकं तीच, वेगही तोच, पण रुळाखालची खडी गेलेली असते आणि चाकांबरोबर पूलही बोलायला लागतो. मेट्रोच्या काँक्रीट पुलाचं बोलणं निराळं. तिथे खणखणाट नसतो, पोटात घुमणारी गुरगुर असते. ती गाडीतल्या माणसापेक्षा समोरच्या इमारतीत, गर्डरच्या उंचीला झोपलेल्या माणसाला जास्त कळते. मेट्रो-१चा अंधेरीला पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून जाणारा पूल पोलादी आहे आणि बाकीचा मार्ग बहुतेक काँक्रीटचा, त्यामुळे दोन्ही जाती एकाच मार्गावर ऐकायला मिळतात.

हा आवाज पूल उभा राहण्याआधी संगणकावर काढता येतो. संरचना हलते किती, ते फायनाइट एलिमेंटने, म्हणजे पुलाचे लहान लहान तुकडे पाडून, काढायचं. हलणाऱ्या पृष्ठभागाचा वेग घ्यायचा. त्या वेगावरून हवेतला दाब बाउंडरी एलिमेंटने, म्हणजे फक्त पृष्ठभागाचे तुकडे पाडून, काढायचा. ऐकायला सरळ आहे. पण चुका बहुतेक मधल्या पायरीवर होतात आणि शेवटच्या रंगीत चित्रात त्या दिसत नाहीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? वेग चुकला तर पुढचा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) कितीही महागडा असो, तो चुकीचा आवाज अचूकपणे काढून देतो.

आधी कागद

मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, करण्याआधी तीन लाटांच्या लांब्या काढा. सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद भरलेला असतो. तो २० अंशांचा. मुंबईत ३० अंश धरले तर ३४९ येतो. म्हणजे १०० हर्ट्झला हवेतली लाट साडेतीन मीटरची. त्याच वारंवारतेला १२ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्यात वाकणारी लाट साधारण १.०७ मीटरची असते आणि पाव मीटर जाडीच्या काँक्रीटमध्ये ४ मीटरची.

सगळी गोम या आकड्यांत आहे. पत्र्यातली लाट हवेतल्या लाटेपेक्षा आखूड असेल तर एक पट्टा हवा ढकलतो, त्याच वेळी शेजारचा पट्टा ती ओढून घेतो. हवा इकडून तिकडे सरकते, दूरवर फारसं काही जात नाही. पत्र्यातली लाट लांब असेल तर आवाज मोकळेपणाने बाहेर पडतो. दोन्ही लाटा सारख्या होतात ती क्रांतिक वारंवारता. तिचा ठोकताळा सोपा: पोलादासाठी १२.८ला जाडीने भागा, काँक्रीटसाठी १९ला, जाडी मीटरमध्ये. १२ मिलिमीटर पोलादाला साधारण १०६० हर्ट्झ येतात, पाव मीटर काँक्रीटला ७५.

म्हणजे काँक्रीटचा पूल ७५ हर्ट्झच्या वर जितका हलेल तितका आवाज करेल. तिथे किरणन-कार्यक्षमता (हलण्यातलं किती आवाज म्हणून बाहेर पडतं ते) जवळपास १ धरायला हरकत नाही. पोलादी गर्डर १००० हर्ट्झच्या खाली मुळात वाईट लाउडस्पीकर आहे. तरीही तो कान किटवतो, कारण पोलादाचं डॅम्पिंग (कंपन शोषून घेणं) फार कमी, पत्रा पातळ म्हणून वेग जास्त, आणि कडा नि स्टिफनर (पत्र्याला ताठ करणाऱ्या पट्ट्या) जिथे लाट मोडतात तिथली ढकल-ओढ पुरती मिटत नाही.

आता शक्ती. हवेची घनता गुणिले ध्वनीचा वेग, म्हणजे ३० अंशांना सुमारे ४०७. त्याला गुणिले क्षेत्रफळ, गुणिले सरासरी वेगाचा वर्ग, गुणिले किरणन-कार्यक्षमता. ३० मीटरच्या एका गाळ्याचा (दोन खांबांमधल्या भागाचा) ३०० चौरस मीटर पृष्ठभाग सेकंदाला १ मिलिमीटर या आरएमएस (वर्ग-सरासरीच्या) वेगाने हलतोय आणि कार्यक्षमता १ आहे असं मानलं, तर ०.१२ वॉट येतात: १११ डेसिबल ध्वनिशक्ती. मीटरला ४ मिलिवॉटचा लांबट स्रोत धरून १० मीटरवर साधारण ७८ डेसिबल. वेग निम्मा झाला की ६ डेसिबल वजा. सॉल्व्हरचं उत्तर या आकड्यापासून १५ डेसिबल दूर असेल तर आधी चूक शोधा, मग अहवाल लिहा.

इथेच एक खाच आहे. ही ऊर्जा ६३ हर्ट्झच्या आसपास असेल तर ए-वजन (कानाला कमी ऐकू येणाऱ्या वारंवारता कमी मोजणारी पद्धत) त्यातून २६ डेसिबल कापतं. ७८चे ५२ होतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ ही मर्यादा आहे, तीही ए-वजनातच. म्हणजे खिडकीची काच थरथरते, पाण्याच्या ग्लासात वलयं उठतात, आणि दिवसाचा आकडा नियमात बसतो. गुरगुरीचं काम असेल तर वन-थर्ड ऑक्टेव्हचे (वारंवारतेच्या अरुंद पट्ट्यांचे) बिनवजनी आकडे मागा. नुसता ए-वजनाचा एक आकडा मागणाऱ्या ग्राहकालाही ते द्या.

बल कुठून येतं

गाडीचं वजन स्थिर भार म्हणून पुलावरून सरकवलं की पूल वाकतो, पण ऐकू येण्याजोगं त्यातून फारसं निघत नाही. ते सगळं २० हर्ट्झच्या खालीच संपतं. आवाज येतो चाकाच्या आणि रुळाच्या खडबडीतपणातून. वेग भागिले खडबडीची लांबी म्हणजे वारंवारता. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, १०० हर्ट्झसाठी २२ सेंटीमीटरची लाट लागते, ५० हर्ट्झसाठी ४४ सेंटीमीटरची. सव्वा मीटरच्या पट्टीवर ४४ सेंटीमीटरची लाट जेमतेम तीनदा बसते, म्हणून नेमक्या गुरगुरीच्या पट्ट्यात अशा पट्टीने मोजलेला खडबडीतपणा भरवशाचा नसतो. लांब मोजमाप मागवा.

चाक आणि रूळ यांच्यामधल्या स्पर्शाची ताठरता मीटरला अब्जभर न्यूटनच्या आसपास असते. तिथे फार काही चुकत नाही. चुकतं ते रुळाखालच्या पॅडमध्ये. कॅटलॉगमध्ये स्थिर ताठरता छापलेली असते. हलत्या भाराखाली रबर त्याहून ताठ वागतं, कधी दीडपट, कधी त्याहून जास्त. चाकामागे ६५० किलो स्प्रिंगखालचं वजन आणि आधाराची एकूण ताठरता मीटरला ६.५ कोटी न्यूटन धरली तर अनुनाद ५० हर्ट्झला येतो. गुरगुरीचा डोंगर बहुतेक वेळा इथेच उभा असतो.

पॅड निम्मे ताठ केले की हा अनुनाद ३५ हर्ट्झवर येतो आणि ५०च्या वर चांगलीच घट दिसते. पण फास्टनर (रूळ पुलाला धरून ठेवणारे आधार) ६५ सेंटीमीटरवर असतील तर ताशी ८०ला चाक एका सेकंदात ३४ फास्टनर ओलांडतं. नवा अनुनाद नेमका त्याच्या मांडीवर जाऊन बसतो. ‘मऊ पॅड टाका’ हा सल्ला देण्याआधी हा भागाकार करायला एक मिनिट लागतं.

अनेक चाकांचा परिणाम मिळवताना प्रत्येक चाकाचा खडबडीतपणा स्वतंत्र माना आणि ऊर्जा मिळवा. सगळी बलं एकाच फेजमध्ये (एकाच वेळी एकाच दिशेने) लावून दिली तर आठ चाकांना १८ डेसिबल वाढतात, वाढायला हवेत ९.

संरचनेचं मॉडेल

एलिमेंटचा आकार पत्र्यातल्या लाटेवरून ठरतो. १२ मिलिमीटर पोलादात ५०० हर्ट्झला लाट ४८ सेंटीमीटरची. साध्या एलिमेंटला लाटेमागे आठ-दहा लागतात, म्हणजे ५ ते ६ सेंटीमीटरची जाळी. काँक्रीटला २०० हर्ट्झपर्यंत ३० सेंटीमीटर पुरतात. स्टिफनर बीम एलिमेंटने दाखवत असाल तर ते पत्र्याच्या मध्यरेषेवर नकोत, खरं अंतर ठेवून बाजूला हवेत. नाहीतर त्यांची ताठरता कित्येक पटींनी कमी भरते.

मग मोडची, म्हणजे पत्रा हलण्याच्या नैसर्गिक प्रकारांची, संख्या बघा. १०० चौरस मीटरच्या १२ मिलिमीटर पत्र्यात दर हर्ट्झमागे सुमारे २.७ मोड बसतात. ५०० हर्ट्झच्या एका वन-थर्ड ऑक्टेव्ह पट्ट्यात तीनशेच्या वर. इतक्या गर्दीत ‘४८७ हर्ट्झला शिखर आहे’ असं लिहिण्यात अर्थ नाही; एखादा वेल्ड इकडेतिकडे झाला तरी ते शिखर सरकतं. पट्ट्याची सरासरी द्या. त्याहून वर एकेक मोड न मोजता ऊर्जेची सरासरी धरणाऱ्या सांख्यिकी ऊर्जा पद्धतीवर जा. पोलादी पुलाला १००० हर्ट्झपर्यंत फायनाइट एलिमेंटने ओढत नेण्याचा हट्ट आम्हाला पटत नाही.

डॅम्पिंग हा या सगळ्या कामातला सर्वात कच्चा आकडा. वेल्ड केलेल्या पोलादाचा लॉस फॅक्टर (डॅम्पिंगचं माप) ०.००१ असू शकतो, जुन्या रिव्हेटवाल्या गर्डरचा त्याच्या कितीतरी पट, काँक्रीटचा ०.०१ ते ०.०२. शिखरावर डॅम्पिंग निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात, पट्ट्याच्या सरासरीत ३. म्हणून गणित एकाच डॅम्पिंगवर न करता दोन टोकांवर करा आणि उत्तर पट्टा म्हणून दाखवा. बेअरिंगही (गर्डर खांबावर टेकतो ती गादी) तसंच. निओप्रीनच्या बेअरिंगला ‘साधा आधार’ म्हणून गाडून टाकलं की खांबाकडे जाणारी ऊर्जा मॉडेलमध्ये गर्डरमध्येच अडकून राहते.

वेग एका मेशवरून दुसऱ्यावर नेताना

ध्वनीच्या मेशला हवेच्या लाटेमागे सहा एलिमेंट पुरतात हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. ५०० हर्ट्झला हवेची लाट ७० सेंटीमीटर, म्हणून साडेअकरा सेंटीमीटरची जाळी. काँक्रीटला हे चालतं. क्रांतिक वारंवारतेखालच्या पोलादाला हाच नियम बुडवतो, कारण मेशने हवेची नव्हे तर पत्र्यातली आखूड लाट पकडायला हवी. समजा, किरणन-कार्यक्षमता ०.०१ आहे. म्हणजे ढकल-ओढीत ९९ टक्के मिटून १ टक्का उरतोय. मेश बदलताना वेगात दोन-चार टक्के इकडेतिकडे झाले तर तो उरलेला भाग खऱ्याचा राहत नाही, मेशच्या चुकीचा होतो. जवळच्या नोडचा (जाळीच्या कोपऱ्याचा) वेग उचलणारी पद्धत इथे वापरू नका. एलिमेंटच्या आकारफलनाने (कोपऱ्यांमधली किंमत देणाऱ्या सूत्राने) मधला वेग काढा, आणि शक्य असेल तर पोलादासाठी दोन्ही मेश एकच ठेवा.

यापेक्षा ढोबळ चुका तीन. पहिली, वेगाची नुसती मात्रा नेणं आणि फेज मागे ठेवणं. मग अख्खा पत्रा पिस्टनसारखा एकत्र हलतो आणि कमी वारंवारतेला २० डेसिबल फुकट वाढतात. दुसरी, काही एलिमेंटचे नॉर्मल (पृष्ठभागातून काटकोनात निघणाऱ्या दिशा) उलटे असणं. मेश तयार झाली की नॉर्मलचं चित्र काढून बघा, ओळखू येतं. तिसरी, विस्थापनाला वेग समजणं. १०० हर्ट्झला त्यात ६२८ पटींचा फरक आहे, म्हणजे ५६ डेसिबल. ही चूक निदान लपत तरी नाही.

बाउंडरी एलिमेंट आणि त्याची भुतं

सपाट पत्रा मोठ्या भिंतीत बसवलेला असेल तर रेले समाकल हे सोपं सूत्र पुरतं. पुलाला ते लावू नका. पत्र्याची मागची बाजूही हवेतच असते आणि कडेवरून हवा फिरते. बंद आकाराला डायरेक्ट बाउंडरी एलिमेंट, उघड्या पत्र्याला इनडायरेक्ट. मुंबईच्या मेट्रो मार्गांवर दिसणारे यू-गर्डर उघडे असतात, पण भिंती जाड. पूर्ण जाडी मेश केली की बंद आकार मिळतो आणि डायरेक्ट पद्धत चालते. पॅरापेटवरचे (कठड्यावरचे) पातळ पत्रे असतील तर इनडायरेक्टकडे वळावं लागतं.

बंद आकारात एक भूत असतं. बाहेरच्या हवेचं गणित करताना आतल्या पोकळीचे अनुनाद उत्तरात घुसतात. ते खरे नसतात, समीकरणाचे असतात. ३० बाय ४ बाय २ मीटरचा बॉक्स गर्डर घ्या: पहिलं भूत ९८ हर्ट्झला, आणि २०० हर्ट्झपर्यंत अशी शंभराच्या आसपास. आलेखावर ते अगदी संरचनेच्या अनुनादासारखे दिसतात, म्हणून लोक त्यांना औषधं सुचवत बसतात. उपाय जुने आहेत. शेंकने १९६८ मध्ये सुचवलेली चीफ पद्धत आत काही बिंदू ठेवून तिथे दाब शून्य असावा अशी जादा अट घालते. पण बिंदू आतल्या मोडच्या शून्यरेषेवर पडला तर तो कुचकामी, आणि शंभर भुतांसाठी किती बिंदू टाकणार? मोठ्या संरचनेला बर्टन आणि मिलर यांची १९७१ची पद्धत बरी. तिच्यातला जोडगुणक काल्पनिक एकक भागिले तरंगांक (२π भागिले लाटेची लांबी) एवढा ठेवतात. त्याचं चिन्ह तुमच्या कोडमधल्या काळाच्या चिन्हाशी जुळलं पाहिजे. उलट पडलं तर उत्तर ढासळतं आणि पुनरावृत्तीचा सॉल्व्हर जुळता जुळत नाही.

मेमरीचा हिशेब आधी करा. मॅट्रिक्स भरलेली असते, प्रत्येक घराला १६ बाइट. ३०० चौरस मीटरला साडेअकरा सेंटीमीटरच्या जाळीने साधारण २३ हजार एलिमेंट होतात, म्हणजे ८ गिगाबाइटच्या थोडं वर. हे चालतं. १००० हर्ट्झला एलिमेंट चौपट, मेमरी सोळापट, सुमारे १३० गिगाबाइट. तिथे फास्ट मल्टिपोल किंवा एच-मॅट्रिक्स अशी मेमरी वाचवणारी पद्धत हवी. दहा गाळ्यांचा पूल असेल तर आडव्या छेदाचं द्विमितीय गणित लांबीच्या तरंगांकांवर फिरवण्याची अडीच-मिती पद्धत वापरा, तीन मितींचा अट्टहास नको.

वेळही वाचवता येतो. १०० हर्ट्झला लॉस फॅक्टर ०.०१ असेल तर अनुनादाची रुंदी १ हर्ट्झ, म्हणून संरचनेला पाव हर्ट्झची पायरी लागते. २० ते २०० मध्ये ७२० पायऱ्या. पण खुल्या हवेचा प्रतिसाद वारंवारतेनुसार सावकाश बदलतो. पृष्ठभागापासून बाल्कनीपर्यंतचे ट्रान्सफर व्हेक्टर (वेगावरून दाब देणारे गुणक) दर ५ हर्ट्झला काढा, मधले अंतर्वेशनाने भरा, आणि प्रत्येक पायरीला फक्त गुणाकार करा. समोरासमोर इमारती असतील तर मात्र मधली हवा स्वतः अनुनाद करते. पायरी बारीक करा. मुंबईत अशी गल्लीच जास्त सापडते. रस्ता ताठ जमीन म्हणून आरशातल्या प्रतिमेने धरता येतो, खाडीचं पाणीही. इमारतीच्या भिंती मात्र मेशमध्ये घ्याव्या लागतात; भिंतीला लागून दाब दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबल.

हवेचा भार पोलादावर उलटा परिणाम करत नाही, म्हणून वेग आधी, आवाज नंतर असं एकामागून एक काढता येतं. माझगावच्या गोदीत पाण्यात उतरलेल्या जहाजाला ही सवलत नाही. २० मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला १५७ किलो. १०० हर्ट्झच्या लाटेला बाहेरून चिकटणारं समुद्राचं पाणी सुमारे २२५ किलो. कोरड्या गोदीत १०० हर्ट्झला असलेला मोड पाण्यात ६४च्या आसपास सापडतो. तिथे दोन्ही समीकरणं एकत्रच सोडवावी लागतात.

फुकटच्या साधनांत हे सगळं बसतं: जीमेशमध्ये मेश, कॅल्क्युलिक्स किंवा कोड-अ‍ॅस्टरमध्ये संरचना, बेम्पमध्ये ध्वनी. वेग एकीकडून दुसरीकडे नेणारी पायथनची फाइल स्वतः लिहावी लागते, आणि वर सांगितलेल्या चुका तिच्यातच होतात.

ताळा

स्पंदणाऱ्या गोलाचं उत्तर सूत्राने मिळतं. सगळे तेवढं तपासून थांबतात. गोल हा तुमचा पूल नाही. त्यापेक्षा हे करा: बंद मेशच्या आत कुठेही एक बिंदुस्रोत आहे असं समजा, त्याच्यामुळे पृष्ठभागावर येणारा नॉर्मल वेग सूत्राने काढा, तो वेग सॉल्व्हरला द्या आणि बाहेर दाब मागा. बिंदुस्रोताचाच दाब परत यायला हवा. मेश तुमचीच, नॉर्मल तुमचेच, वारंवारता तुमचीच. नॉर्मल उलटा असेल, भूत शिल्लक असेल, जाळी विरळ असेल, सगळं एका आलेखात उघडं पडतं. दुसरा ताळा शक्तीचा: पृष्ठभागावर काढलेली ध्वनिशक्ती आणि भोवतीच्या मोठ्या गोलावर काढलेली, दोन्ही अर्ध्या डेसिबलच्या आत जुळली पाहिजेत.

प्रत्यक्ष मोजणी म्हणजे रात्र थोडी सोंगं फार. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंतचे दोन-तीन तास किंवा रविवारचा मेगाब्लॉक, एवढंच हातात असतं. पुलावर ठोकायच्या हातोड्याला मऊ टोक लावा. कडक टोकाची ऊर्जा किलोहर्ट्झमध्ये वाया जाते आणि ५० हर्ट्झला पूल जागाही होत नाही. अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपन मोजणारं यंत्र) पत्र्याच्या मधोमध एकच लावू नका. काही मोड तिथे शून्य असतात. स्टिफनरपासून वेगवेगळ्या अंतरांवर निदान आठ-दहा जागा घ्या. आधी वेग जुळवा, मग मायक्रोफोनकडे वळा. वेग न जुळता आवाज जुळला असेल तर दोन चुका एकमेकींना झाकतायत.

शेवटी आवाज अडवणाऱ्या बॅरियरबद्दल, कारण तक्रार आली की पहिली मागणी तीच असते. पॅरापेटवर उभे केलेले पत्रे चाकांचा वरचा खणखणाट अडवतात. गर्डरच्या तळातून खाली सुटणारी गुरगुर त्यांच्या वाटेतच येत नाही. उलट पॅरापेट हलला की पत्राही हलतो. मॉडेलमध्ये त्याचे बोल्ट ताठ धरले तर तो पॅरापेटशी एकजीव हलतो आणि आवाज एक येतो. मधल्या रबर वॉशरची स्प्रिंग घातली की दुसराच येतो. म्हणून बॅरियरचं ड्रॉइंग मागताना वॉशरचा तपशीलही मागून घ्या.